कडीवरचं चौथं पान

माझा मामा गप्प असला तर समजावं, एक तर तो झोपलाय नाही तर तोंडात खिळे धरून बसलाय. एरवी त्याची टकळी चालूच. अख्खी गल्ली त्याला ठोकेमामा म्हणते. स्वतःचं खरं नाव सांगायची वेळ त्याच्यावर फक्त दवाखान्यात येते, आणि तिथेही तो आधी क्षणभर विचारात पडतो.

वय अठ्ठ्याहत्तर. धंदा लोहाराचा. घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना: कोपऱ्यात भट्टी, मधोमध लाकडाच्या ओंडक्यावर ऐरण, आणि भिंतीवर ओळीने सांडशा नि हातोडे. प्रत्येक हातोड्यामागे भिंतीवर कोळशाने त्याचा आकार काढून ठेवलेला. का, तर कुणी उचलून नेला की रिकामा आकार ओरडून सांगतो, असं मामाचं म्हणणं. जन्मभर ठोकाठोक करून उजव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं. त्यामुळे तो स्वतः ओरडून बोलतो आणि बाकीचे सगळे पुटपुटतात असा त्याचा पक्का समज आहे. वेल्डिंगचा त्याला भयंकर राग. "डिंकाने कागद चिकटवावा तसं लोखंड चिकटवतात हल्ली," म्हणतो. त्याच्या मते लोखंडाला लोखंड जोडायचं तर ते भोक पाडून, तापलेली जाड खीळ, म्हणजे रिवेट, ठोकूनच. मामी म्हणते, "यांच्या मनासारखं जग चाललं असतं ना, तर माणसांनाही रिवेटच मारले असते."

आणि मामाचा एकच अभिमान. आमच्या रस्त्याच्या टोकाला जे जुनं मोठं घर आहे, त्याच्या प्रवेशकमानीचं लोखंडी फाटक.

दोन दगडी खांब, वर कोरीव कमान आणि त्यात लोखंडाची दोन दारं. प्रत्येक दारावर खालून वर चढत गेलेली लोखंडी वेल, वेलीला अकरा पानं. सगळ्या पानांची टोकं वर. फक्त कडीच्या वरचं चौथं पान, डाव्या दारावरही आणि उजव्यावरही, टोक खाली करून बसवलेलं. लहानपणी मामा मला खांद्यावर बसवून तिथे न्यायचा आणि त्या पानाला हात लावायला लावायचा. "हे तुझ्या आजोबांचं काम. आणि ही आपली खूण."

या खुणेची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. मामा सोळा वर्षांचा होता. एका मालट्रकवाल्याने मागे घेताना गाडी फाटकावर घातली आणि दोन्ही दारं वाकली. आजोबांनी दारं उतरवून घरी आणली. उजवं स्वतः घेतलं आणि डावं मामाला दिलं. आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं दार मामाच्या एकट्याच्या हाती. चार दिवस त्याला जेवण गोड लागेना. पाचव्या दिवशी सकाळी दारं परत चढवली. मग दुपारी आजोबा म्हणाले, "तू जा घरी. हत्यारं घेऊन मी येतो मागून." मामा घरी आला तो चडफडतच. एवढं काम केलं आणि शेवटी आपल्याला घालवून दिलं! हा राग त्याच्या मनात कायमचा राहिला. "विश्वास नव्हता माझ्यावर," असं तो म्हणायचा, म्हातारा झाला तरी म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपलं काम डोळे भरून बघायला म्हणून फाटकाशी गेला, आणि पाहतो तर काय, चौथं पान उलटं! मग नजर उजव्या दारावर गेली. तिथेही चौथं पान उलटंच. धावत घरी येऊन त्याने आजोबांना विचारलं. आजोबांनी ऐरणीवरून मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "उलटं नाही रे ते. ती आपली खूण."

मामाच्या जिवात जीव आला. आणि त्या दिवसापासून त्याने ठरवून टाकलं की ज्याअर्थी फाटकावर आपली खूण आहे, त्याअर्थी मुळात फाटक घडवलंच आपल्या बाबांनी.

गेल्या वर्षी त्या घराचं वाचनालय करायचं ठरलं. डागडुजीवर देखरेख करायला एक बाई आल्या. हातात कायम नकाशाच्या गुंडाळ्या, म्हणून मामा त्यांना नकाशावाल्या बाई म्हणतो, आणि तोंडावरही तेच म्हणतो. बाईंनी कमानीच्या खांबावर पाटी लावायचं काढलं: फाटक कधी घडवलं, कुणी घडवलं. हे कळल्यावर मामा धुतलेला सदरा घालून त्यांच्याकडे गेला.

"लोखंड माझ्या बाबांचं," तो म्हणाला. "लिहून घ्या."

"काही कागद आहे का, मामा?"

"लोखंडावर खूण असताना कागद कशाला?"

बाई भल्या होत्या. हसल्या नाहीत. खूण बघितली, वहीत टिपून घेतली आणि म्हणाल्या, शोधते. मामा घरी आला तो जग जिंकल्यासारखा. "पाटीवर बाबांचं नाव येणार," असं त्याने मामीला तीनदा सांगितलं. ते मी रस्त्यावरून ऐकलं.

आता यात मी कुठे आले, तर माझा फोटो स्टुडिओ आहे. जुने फोटो नीट करून देणं, मोठे करणं, हेच माझं काम. वाचनालयाच्या भिंतीवर लावायचे म्हणून त्या घरातली फोटोंची एक पेटी बाईंनी माझ्याकडे पाठवली. पेटीत सगळ्यात जुना फोटो होता तो फाटकाचाच. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. फाटक नवंकोरं, समोर घरची माणसं ताठ उभी. मी भिंग लावलं. एक, दोन, तीन, चार. टोक वर. दुसरं दार, चौथं पान. टोक वर.

मी पुन्हा मोजलं. मग चहा प्यायले आणि पुन्हा मोजलं. बावीसच्या बावीस पानं वर टोक करून उभी!

माझं डोकंच भंजाळलं. खूण घडवणाऱ्याची, तर ती पहिल्या दिवसापासून हवी. ती नाही, म्हणजे फाटक आजोबांचं नाही? मग त्यांनी "आपली खूण" म्हटलं ते काय म्हणून? दुसऱ्याच्या कामावर आपली खूण कोण करतं? एकदा वाटलं, फोटो पेटीत तळाशी सारावा आणि तोंड बंद ठेवावं. पण माझा स्वभाव आडवा. लपवलं की मला अन्न पचत नाही. गेले घेऊन मामाकडे.

मामाने फोटो खिडकीपाशी नेऊन बघितला. "फोटो चुकलाय," म्हणाला.

"फोटो कसा चुकेल, मामा? तीस वर्षं हेच काम करतेय मी!"

हे वाक्य मी किती तोऱ्यात म्हटलं, ते आठवलं की आज मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

बाईंनाही तो फोटो दाखवावा लागला. त्यांनी सरळ हिशेब मांडला. पानं मुळात सरळ होती, म्हणजे ती खूण नव्हे. नंतरच्या दुरुस्तीत झालेली चूक आहे. फाटक मूळ रूपात आणायचं, तर दोन्ही पानं सरळ करायची. आणि पाटीवर लिहायचं: कारागीर अज्ञात. पाटी सोमवारी बसणार होती. तापलेला रिवेट ठोकणारा दुसरा माणूस आता मिळत नाही, म्हणून त्यांनी अगदी हात जोडून मामालाच विचारलं, "तुम्ही कराल का सरळ?"

म्हणजे बापाचं नाव तर गेलंच, वर त्याची खूणही याच्याच हातांनी पुसायची! मी बाईंवर तिथल्या तिथे उखडले. मामाने मला गप्प केलं आणि म्हणाला, "विचार करून सांगतो." विचार करून सांगणारा मामा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात मला पेटीत एक पाकीट सापडलं. वर पेन्सिलीने लिहिलेलं: "फाटकाची दुरुस्ती". आत एकच निगेटिव्ह. त्या मोठ्या घरातल्या मुलीला म्हणे कॅमेऱ्याचा नाद होता, तिनेच काढलेला असणार. मी घाईघाईने तो स्कॅन केला. पडद्यावर चित्र उमटलं. फाटक नुकतंच चढवलेलं, शिडी अजून कमानीला टेकलेली. मधोमध आजोबा, हातात हातोडा. शेजारी हाडकुळा, दात काढून हसणारा मामा. आणि मागच्या दारांवर पान उलटं होतं. पण एकच! उजव्या दारावरचं. डाव्यावरचं सरळ.

उजवं दार म्हणजे आजोबांचं.

मोठी प्रत काढून मी मामाकडे गेले. तो, मामी आणि मी, तिघं त्या फोटोवर वाकलो.

"बाबांचं पान उलटं," मामा हळूच म्हणाला. "माझं सरळ."

"हो."

"म्हणजे चूक बाबांची?"

मामी म्हणाली, "अहो, असेल झाली. माणूसच ना."

"मग मला खूण म्हणून का सांगितलं? आणि माझं पान उलटं कधी झालं? मी तर सरळ बसवलेलं दिसतंय!"

मीच तर्क लढवला. "मामा, मला वाटतं, आजोबांची चूक त्यांच्या लक्षात आली असेल. लोक हसतील म्हणून त्यांनी तुझंही पान उलटं केलं. दोन्हीकडे सारखं दिसलं की चूक वाटत नाही. म्हणून तर तुला घरी पाठवलं."

बोलून बसले आणि मामाचा चेहरा बघितला. स्वतःवरच्या संतापाने माझं तोंड कडू झालं. स्वतःची चूक झाकायला पोराच्या पहिल्या कामाची वाट लावणारा बाप; हेच मी त्याच्या पदरात टाकलं होतं ना? आणि तेही बासष्ट वर्षांनी.

मामा फोटोकडे बघत राहिला. मध्येच म्हणाला, "आणि हातोडा डाव्या हातात का धरलाय त्यांनी? बाबा डावखुरे कधी होते?"

"फोटोसाठी धरला असेल कसा तरी," मामी म्हणाली.

मग मामा गप्प बसला. झोपलेला नव्हता, तोंडात खिळे नव्हते. भिंतीवरच्या हातोड्यांकडे बघत नुसता बसून राहिला. शेवटी म्हणाला, "नकाशावाल्या बाईंना सांग, उद्या सकाळी करतो सरळ. दोन्ही."

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओ उघडला. पहिलंच गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोचं. गृहस्थ आरशापुढे उभे राहून खिशातला पेन काढत होते. "खिशात पेन असला तर चालतो का हो?" मी म्हटलं, चालतो, खिसा फोटोत येतच नाही. म्हणता म्हणता माझी नजर त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर गेली. डाव्या बाजूला. सगळ्यांच्या सदऱ्याला असतो तसा. मग टेबलावर पडलेल्या त्या फोटोवर गेली. आजोबांचा खिसा उजव्या बाजूला. मामाचाही उजव्या बाजूला.

मी निगेटिव्ह काढून दिव्यासमोर धरला. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. कुठली बाजू काचेवर ठेवायची हे मी शिकवलेल्या पोरींना शंभरदा बजावलंय. आणि मी स्वतः तो पालथा ठेवला होता. पालथा ठेवला की डावं ते उजवं होतं. दुसऱ्या कुठल्या फोटोत लगेच कळलं असतं. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली असती. पण फाटक दोन्ही बाजूंनी सारखं, माणसं मधोमध. माझी मती गुंग झाली होती एवढंच खरं.

म्हणजे उलटं पान डाव्या दारावर होतं. मामाच्या.

गृहस्थांना "आलेच" म्हटलं आणि फोटो उचलून चपला न घालता पळत सुटले. ते बिचारे किती वेळ आरशापुढे उभे होते कुणास ठाऊक.

फाटकाशी पोचले तेव्हा मामाने अंगणात छोटी भट्टी पेटवली होती. बाई बाजूला उभ्या. उजव्या दारावरचं पान त्याने आधीच सरळ केलं होतं. रिवेट निवून काळा पडला होता. आता छिन्नी डाव्या दाराच्या रिवेटला लागलेली.

"मामा, थांब!"

"काय?"

"थांब म्हणते ना!" मी त्याच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडले. "फोटो मी उलटा छापला! गाढव आहे मी! डावं ते उजवं झालं. उलटं पान आजोबांचं नव्हतं, तुझं होतं. हा बघ खिसा. हा हातोडा. नीट छापला तर हातोडा उजव्या हातात येतो!"

मी काय बडबडतेय ते त्याला आधी कळेनाच. बाईंनाही कळेना. मी फोटो उन्हासमोर पालथा धरला, मागून उजेड येईल असा, आणि पानावर बोट ठेवलं. मामाने फोटो बघितला. फाटक बघितलं. पुन्हा फोटो बघितला.

"हे डावं?"

"हो."

"माझं?"

"हो, मामा."

तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. "पान बसवताना दार पालथं असतं," तो म्हणाला. "रिवेट मागून मारायचा. तापलेला असतो, बघत बसायला सवड नसते. पहिल्यांदा करणारा हमखास फसतो. आणि दार चढवायच्या घाईत पानाकडे लक्षच गेलं नाही माझं." आणि मग एकदम, "म्हणजे बाबांचं सरळ होतं."

"होतं."

"सकाळी फोटो काढला तेव्हा सरळ होतं. दुपारी मला घरी पाठवलं." तो बोटांवर एकेक गोष्ट जुळवत होता. "अगं, माझं पान सरळ करून टाकायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? एक रिवेट. पण मग मला कळलं असतं, की माझं काम त्यांनी दुरुस्त केलं."

भट्टीतला कोळसा तडतडत होता.

मामा उठला. डाव्या दाराला त्याने हातही लावला नाही. तो उजव्या दाराशी गेला, तासाभरापूर्वी स्वतःच सरळ बसवलेल्या पानाशी. छिन्नी लावली, आणि हातोडा उगारून थांबला.

"किती नीट बसलंय गं," तो म्हणाला. "नीट बसलेलं पान तोडायला हात उचलत नाही बघ." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. "त्यांनी कसा उचलला असेल?"

मग त्याने घाव घातला. रिवेटचं डोकं उडालं. पान काढलं, फिरवलं, टोक खाली केलं. मी सांडशीने लालभडक रिवेट दिला आणि त्याने चार ठोक्यांत बसवला. चुकूनही एक ठोका जास्त पडला नाही.

बाई गोंधळल्या होत्या. मूळ रूप, नकाशे, सगळं त्यांच्या हातात गुंडाळलेलं. शेवटी त्या म्हणाल्या, "राहू दे दोन्ही अशीच. पण मामा, हे मी पाटीवर लिहिते. किती सुंदर गोष्ट आहे."

मामा असा खेकसला की पलीकडच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "अजिबात लिहायचं नाही! बासष्ट वर्षं त्यांनी झाकून ठेवलंय, आणि तुम्ही पाटी करून चौकात लावता? कारागीर अज्ञात लिहा. झालं."

"पण मग फाटक घडवलं कुणी?" बाईंनी विचारलं.

"असेल कुणीतरी," मामा म्हणाला, आणि भट्टी विझवायला लागला.

ते कुणीतरी कोण, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. आजोबाच असतील, किंवा नसतीलही. पाटीवर नको असं मामा म्हणाला होता; कागदावर नको असं म्हणाला नव्हता, म्हणून मी हे लिहिलं. चष्म्याशिवाय तो वाचत नाही, आणि चष्मा त्याला सापडत नाही.

आता वाचनालयात पोरंबाळं येतात. मामा सकाळी फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसलेला असतो. परवा शाळेतल्या एका चुणचुणीत मुलीने पाटी वाचली, मग दारं न्याहाळली आणि त्याला विचारलं, "आजोबा, ही दोन पानं उलटी कुणी लावली?"

"उलटी नाहीत बाळा ती," मामा म्हणाला. "ती आमची खूण."